टोपण लावून काढलेले फोटो

मामा : …आणि फोटोत हा निळा दिसतोय, पण तो निळा नाही बरं का, ह्या कॅमेऱ्याला हिरव्याचं वावडंच आहे, हा शेवाळी, नंबर दोनशे अकरा, ह्यात निळा घालताना हात आखडता घ्यायचा, कारण हा एकदा का निळ्याकडे झुकला की मग त्यात पिवळा ओत ओत ओता, ढिम्म हलत नाही, आमच्या रंगखात्यात एक नवखा आला होता, त्यानं काय केलं—

भाची : टुंग झालं, मामा. कॅमेऱ्याचे तीस सेकंद संपले.

मामा : कधी?

भाची : ‘ढिम्म’पाशी. नवखा बाहेरच राहिला.

मामा : चांगला किस्सा होता गं तो.

भाची : किस्से मला सांग. ह्याला फक्त तीन गोष्टी सांगायच्या. नंबर, फोटो कुठं खोटं बोलतोय ते, आणि काय किती घालायचं ते. तीस सेकंदांत तेवढंच मावतं. त्यातले आठ सेकंद तर तू घसा खाकरलास.

मामा : घसा खाकरल्याशिवाय आवाज माझा वाटत नाही मला. आणि रंगाचा स्वभाव? तो पुढच्या माणसाला कोण सांगणार?

भाची : पुढचा माणूस म्हणजे मीच ना? सात वर्षं काढलीत तुझ्या हाताखाली. सगळ्यांचे स्वभाव पाठ आहेत मला. तुझ्यासकट.

मामा : माझा काय स्वभाव?

भाची : एकदा झुकलास की ढिम्म हलत नाहीस.

मामा : शहाणीच आहेस. लाव पुढची चिंधी.

भाची : ही शेवटची, दोनशे बारा नंबर. खिडकीशी धरू?

मामा : मग काय ट्यूबखाली धरणार? ट्यूबखाली सगळे रंग एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात. उत्तरेच्या खिडकीत आणलं की कळतं कोण कुणाचा कोण ते.

भाची : धरली. तुला किती दिसतेय?

मामा : सरळ बघितलं तर तिथं भोक आहे. मान वळवून कडेनं बघितलं तर एक चौकोन दिसतो, राखेचा. तूही तशीच. खांदे आहेत, मधे तोंड नाही.

भाची : तोंड आहे. चालू आहे.

मामा : ते ऐकू येतंय. डॉक्टर म्हणाले, थंडीपर्यंत कडासुद्धा जातील. मी म्हटलं, जाऊ देत, नमुने भरायचे तेवढे राहिलेत, ते झाले की जाऊ देत.

भाची : असं कसं बोलतोस रे.

मामा : मग कसं बोलू? चल, दाब बटण. नाही, थांब, मीच दाबतो. पाठीवर, उजवीकडे, अंगठ्याखाली फुगीर. सापडलं. नंबर दोनशे बारा. भुऱ्या मातीचा. फोटोत पिवळट येतो, मनावर घेऊ नका. पिवळा चार भाग, विटकरी एक, काळा सुईच्या टोकावर. उकळी हळू आणायची. झालं. किती?

भाची : अकरा सेकंद! मामा, जमलं की.

मामा : शेवटच्या चिंधीला जमलं. आयुष्यभर असंच झालंय माझं.

भाची : संपले. दोनशे बारा नमुने, दोनशे बारा बोलक्या नोंदी. आता तू मंगळवारी निवृत्त झालास की खुशाल घरी बस. मला अडलं की फोटो उघडीन, बटण दाबीन, की तू आपला बोलायला लागशील.

मामा : घसा खाकरून.

भाची : घसा खाकरून. चहा पिऊ या?

मामा : चहा नंतर. आता त्या काळ्या लाव.

भाची : कुठल्या काळ्या?

मामा : काळ्या गं. नुसत्या काळ्या आहेत बघ, एकाखाली एक. सेहेचाळीस. अगदी पहिलीपासून लाव, आज मला घाई नाही. म्हणून तर रविवारी बोलावलं तुला.

भाची : ते काळे फोटो… ते नमुन्यांचे होते?

मामा : नमुन्यांचे नाहीत. माझे आहेत. तू लाव तर खरं.

भाची : मामा, तू आधी बस बरं.

मामा : बसलोच आहे.

भाची : मी ते पुसले.

मामा : काय पुसलेस?

भाची : शुक्रवारी कार्ड भरलं. अकरा नमुने राहिले होते आणि कॅमेरा म्हणायला लागला, जागा नाही. बघते तर सगळे काळेकुट्ट फोटो. मला वाटलं, तू रात्री घरी बटणांची सवय करत असशील आणि भिंगावरचं टोपण काढायचं राहत असेल. म्हणून मी…

मामा : बरं. फोटो पुसलेस. आवाज तर ठेवलेस ना?

भाची : आवाज फोटोला चिकटलेला असतो, मामा. फोटो गेला की तोही जातो. तूच मला शिकवलंस.

मामा : एखादा तरी राहिला असेल.

भाची : नाही.

मामा : बघ नीट.

भाची : आत्ता परत बघितलं. एकही नाही रे.

मामा : त्यांच्या कोपऱ्यात माइकची खूण होती. आवाज असला की खूण असते.

भाची : एकेक उघडून बघितलाच नाही. छोट्या चौकोनांवर भराभर खुणा केल्या आणि सगळे एकदम… मला तुझी दया आली. वाटलं, तुला सांगितलं तर तू खजील होशील, की बघा, ह्या माणसाला आता टोपणसुद्धा कळत नाही. म्हणून गुपचूप पुसले आणि गप्प बसले.

मामा : दया आली.

भाची : हो.

मामा : चाळीस वर्षं मी ह्या खात्यात आहे. इथं नुसती चिंधी जरी फेकायची असली तरी आधी विचारतात. विचारायचं नाही एकदा? तोंड तर चालू असतं म्हणतेस!

भाची : चुकलं माझं.

मामा : टोपण कळत नाही म्हणे. टोपण लावूनच काढले होते मी ते! ह्या डबड्याला नुसता आवाज घेता येत नाही, आधी फोटो लागतो. पहाटे अंथरुणात बसून मी कशाचा फोटो काढणार? म्हणून टोपण ठेवायचं, खट्ट करायचं, आणि बोलायचं.

भाची : मामा, काय होतं त्यात?

मामा : जाऊ दे आता.

भाची : सांग ना.

मामा : आता काय उपयोग सांगून?

बॉयलरवाला : मास्तर, येऊ का आत? वाफ तयार आहे. कधीची तयार आहे. तुम्ही म्हणालात दहाला टाकी तापवणार, आता पावणेबारा झाले. आज सुट्टी होती माझी, हे आपलं सहज सांगून ठेवतो.

भाची : वाफ कशाला? आज तर फक्त आवाजच भरायचे होते.

बॉयलरवाला : ते मला काय माहीत, ताई. मास्तर म्हणाले, एक छोटी टाकी, एक वार लोकर, पांढरी. बाहेर भिजत घातलीय सकाळपासून. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, स्वप्नात आलंय. मी म्हटलं, स्वप्नात आलंय तर स्वप्नातच बॉयलर पेटवा की. मला कशाला उठवताय?

मामा : तू जा रे बाहेर.

बॉयलरवाला : जातो. वाफ ठेवू का सोडू?

मामा : ठेव. नाही, सोड. काय हवं ते कर.

भाची : ठेवा, काका. मी येऊन सांगते.

बॉयलरवाला : बरं. डबा खातो तोवर.

भाची : गेले ते. मामा, कसली स्वप्नं?

मामा : हसशील.

भाची : हसायच्या अवस्थेत दिसतेय का मी?

मामा : दिसत नाहीस हीच तर अडचण आहे. रडतेयस का?

भाची : थोडी.

मामा : मग रडू नकोस. ऐक. ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं ना, त्याच रात्री पहिलं पडलं. हेच खातं. पण वर छप्पर नाही, आणि सगळ्या टाक्या काठोकाठ भरलेल्या. पाणी असं नितळ की तळाचे खिळे मोजावेत. आणि त्या नितळ पाण्यात कापड सोडलं की रंगून बाहेर येतंय. कुठून रंग येतोय कळत नाही. बहुतेक हवेतूनच. आणि मला सगळं दिसतंय, अगं! पिवळा, जांभळा, तो डाळिंबी, एकूण एक छटा दिसतेय. दिवसा जगाची राख, आणि डोळे मिटले की हे असं.

भाची : दिवसा नाही, आणि झोपेत दिसतं?

मामा : लख्ख. आणि त्या टोकाला उत्तरेची खिडकी, आणि तिथं तुझी मामी उभी. पाठमोरी. बाविसेक वर्षांची. अंगात तो हिरवा कोट.

भाची : मामीचा हिरवा कोट? तो लांब, मोठ्या खिशांचा?

मामा : तुला आठवतो?

भाची : तू आधी पुढं सांग.

मामा : तो मी रंगवला होता, लग्नाच्या वर्षी. थंडी तोंडावर आलेली, आणि मी नवाकोरा रंगारी, अंगात मस्ती. संध्याकाळी पाळी सुटल्यावर उरलेल्या रंगाच्या तीन बादल्या पडल्या होत्या. ओतल्या टाकीत, टाकली लोकर. आणि असा हिरवा उतरला की मुकादम बघत उभा राहिला. म्हणाला, लिहून ठेव रे. मी म्हटलं, लिहायचं काय त्यात, डोळ्यांत आहे माझ्या.

भाची : अरेरे.

मामा : पुढं जन्मात तो मला परत जमला नाही. पहिली बादली पिवळी, दुसरी निळी, एवढं पक्कं. तिसरी कसली होती तेच आठवेना. वर्षामागून वर्षं जमवायचा प्रयत्न केला. प्रत्येक नमुना घरी नेऊन तुझ्या मामीला दाखवायचो. ती म्हणायची, हाच. पुढच्या महिन्यात दुसराच न्यायचो, तरी हाच. एकदा मुद्दाम राखाडी नेला. तोही हाच.

भाची : मामी चुलीपुढून मान वर न करता म्हणत असणार.

मामा : अगदी. आणि मूळ कोटाला कसर लागली, तर तिनं त्याची पायपुसणी केली. नंतर तीही झिजून गेली. विचारलं तर म्हणते, फाटलेला कोट काय पेटीत ठेवून पूजायचा होता?

भाची : मग स्वप्नात ती तिसरी बादली…

मामा : तिचाच शोध. रोज नाही पडायचं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. दर वेळी मी खात्यातून तिच्याकडे चालत निघायचो. पायाखाली पाणी, पण चपला कोरड्या. मधे काहीतरी घोळ. एकदा गिऱ्हाईकं वाळवणाच्या दोरीवर चिमण्यांसारखी ओळीनं बसली होती, प्रत्येकाला अर्धीच छटा हवी. एकदा तराजूत पिवळा टाकतोय, टाकतोय, काटा हलेना. मग तराजूच बोलला, तुझ्या मामीच्या आवाजात, ‘उगीच’ म्हणून.

भाची : मामी असंच म्हणते.

मामा : बघ आता हसलीस. पण दर वेळी मी अर्धं पाऊल जवळ जायचो. आणि जाग आली की घाई. स्वप्न किती टिकतं माहितेय? तीस सेकंद. बरोब्बर ह्या डबड्याएवढं. उशीखाली कॅमेरा, चाचपून बटण, आणि विसरायच्या आत बोलून टाकायचं.

भाची : पण मोबाइलवर का नाही बोललास?

मामा : त्या काचेवर माझं बोट कुठं पडतं ते त्यालाच माहीत. परवा तुला लावायला गेलो तर दातांच्या डॉक्टरांना लागला. पुढच्या रविवारची वेळ देऊन बसले मला. ह्याची बटणं उंच आहेत, बोटाला कळतात.

भाची : मग? तिसरी बादली सापडली का?

मामा : सापडली.

भाची : सापडली!

मामा : तीन आठवड्यांपूर्वी. पहाटे. मी अगदी जवळ पोचलो होतो. ती वळली नाही, पण तिनं हात दुमडला, आणि कोपराशी घडी पडली. त्या घडीत मी बघितलं आणि कळलं. अरेच्चा, ही होती होय तिसरी! उठलो, बटण दाबलं, बोललो. नाव, प्रमाण, सगळं. आणि निवांत झोपलो.

भाची : आणि सकाळी?

मामा : सकाळी काही आठवेना. पण मी म्हटलं, आठवायचं कशाला, आहे की भरून ठेवलेलं. पहिल्यांदा लिहून ठेवलं नाही म्हणून गेलं होतं. ह्या वेळी ठेवलं होतं ना. म्हणून निर्धास्त विसरलो. आपणहून परत ऐकलंही नाही. म्हटलं, रविवारी तुझ्यासमोरच ऐकू.

भाची : आणि मी शुक्रवारी…

मामा : हो.

भाची : मामा, मी काय करू? मला काही सुचत नाहीये. मला एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

मामा : मलाही वाटतंय. खोटं कशाला सांगू? पण तुझ्या एकटीची चूक नाही ती. मीच सांगायला हवं होतं. लाज वाटली. म्हातारा माणूस पहाटे उठून कॅमेऱ्याच्या कानात स्वप्नं सांगतोय, लोक काय म्हणतील?

भाची : तुला कशाला हवा होता पण तो हिरवा? आता, इतक्या वर्षांनी?

मामा : कोट शिवायचा होता तिला. नवा.

भाची : मामीला काही पडलेली नाही रे रंगाची.

मामा : तिला नाही, मला पडलीय. पुढच्या थंडीत ती समोरून येईल तेव्हा मला काही दिसणार नाही. नुसती चाहूल. निदान तिच्या अंगावर काय आहे ते तरी मला माहीत असावं. दुसरा कुठलाही रंग असेल तर मला तो मनात आणावा लागेल. तो हिरवा मला आणावा लागणार नाही. तो असेलच.

भाची : मग तो आपण आज करायचाच.

मामा : कशावरून करणार? हवेवरून?

भाची : तुझ्या हातावरून. पिवळा आणि निळा तर येतोय ना? तिसरीचा अंदाज कर. वाफ आहे, लोकर भिजलीय, आणि बॉयलरवाले काका डबा खाऊन खुशीत असतील. ऊठ.

मामा : तिसरी… राखाडी असावी. त्या दिवसांत आम्ही गणवेशाचं कापड करत होतो, राखाडी खूप उरायचा. हो, राखाडीच.

भाची : प्रमाण बोल, मी तोलते.

मामा : पिवळा सहा. निळा अडीच, आणि त्यात हात आखडता.

भाची : आखडला. राखाडी?

मामा : एक. आम्ल थोडं जास्त, लोकर आहे. वास येऊ दे नाकाला झोंबेल असा. आता सोड कापड. हलवत राहा. एका जागी राहिलं की डाग धरतं. उकळीचा आवाज ऐक, बुडबुड नको, नुसती कुजबुज हवी. वाढली बघ, वाफ कमी कर.

भाची : केली. मामा, तुला आवाजावरून कळतं?

मामा : अगं, डोळे तर शेवटी लागतात. त्याआधीचं सगळं नाक, कान आणि बोटं करतात.

(लोकर शिजते, धुऊन निघते, खिडकीजवळच्या दोरीवर वाळत पडते.)

मामा : वाळली का?

भाची : थोडी दमट आहे.

मामा : मग थांब. ओला रंग एक छटा गडद असतो. कोरडा झाल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

बॉयलरवाला : मास्तर! अहो, काय फक्कड हिरवा झालाय हो! हाच तो, हाच. स्वप्नातला.

मामा : तू बघितला होतास का माझ्या स्वप्नात येऊन?

बॉयलरवाला : नाही, पण तुमचं समाधान व्हावं म्हणून म्हटलं. आणि सुंदर तर आहेच ना. माझ्या बायकोला दाखवला तर आजच शिवायला टाकेल.

भाची : काका, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.

बॉयलरवाला : झालो. मी आहे तिकडे बॉयलरपाशी.

मामा : वाळली?

भाची : वाळली.

मामा : मग? बोल ना. गप्प का? तू गप्प बसलीस की मला खोली रिकामी वाटते.

भाची : बघतेय.

मामा : चांगला झालाय ना? बोटांना तर गुळगुळीत लागतोय, कुठं गुठळी नाही. हाच असेल. राखाडीच होता तो. अं? हाच ना?

भाची : मामा…

मामा : तू ‘हाच’ म्हण, मी उद्या कोटाचं कापड असंच रंगवून शिंप्याकडे देतो. एवढंच तर आहे. आता मला कुठं दिसणार आहे?

भाची : मामा, हा नाही.

मामा : नाही?

भाची : नाही. चांगला आहे, पण तो नाही.

मामा : तुला काय माहीत? तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?

भाची : कोट रंगवलास तेव्हा नव्हते. पण मी चार-पाच वर्षांची होईपर्यंत तो तुमच्या बोळातल्या खुंटीवर होता. मी त्याच्या आत लपायची. तुम्ही सगळे मला शोधायचात, आणि मी त्याच्या आत उभी. बाहेरून विटला होता तो, मला पुसट आठवतं. पण खिशाच्या आत विटला नव्हता. मी खिशात तोंड घालून बघायची. दार उघडं असलं की उजेड कापडातून यायचा.

मामा : आणि कसा दिसायचा?

भाची : हा सावलीत नेला की निळसर होतो, थंड पडतो. आत्ता बघ, मी माझ्या हाताची सावली करतेय त्याच्यावर, तर मेल्यासारखा होतोय. तो तसा नव्हता. तो सावलीत ऊबदार व्हायचा. घडीत तर कोऱ्या चहासारखा.

मामा : घडीत.

भाची : हो.

मामा : कोऱ्या चहासारखा.

भाची : हो. म्हणून म्हणतेय, हा नाही. तुला वाईट वाटेल हे कळतंय मला. शुक्रवारी तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले आणि काय झालं ते बघितलं. आता नाही बसणार.

मामा : इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी ‘नाही’ म्हणालं.

भाची : रागावलास?

मामा : गप्प बस. कॅमेरा कुठाय?

भाची : हा काय.

मामा : चिंधी खिडकीशी धर. टोपण काढ. फोटो काढ.

भाची : काढला.

मामा : आता बटण दाब आणि बोल. मी नाही. तू बोल.

भाची : मी? तुझ्यासारखं मला नाही येणार.

मामा : तीन गोष्टी. मघाशी मला शिकवत होतीस.

भाची : घसा खाकरू?

मामा : खाकर हवा तर.

भाची : हिरवा. नंबर अजून नाही. फोटोत कधी नव्हे तो बरोबर दिसतोय, त्यावर जाऊ नका, हा मामीच्या कोटाचा नाही. पिवळा सहा, निळा अडीच बरोबर आहेत. राखाडी चुकला. राखाडीनं हा थंड झालाय. घडीत ऊब हवी असेल तर तिथं तांबूस काहीतरी हवं. लाल नाही, लाल ओरडेल. विटकरी. एक भाग, किंवा त्याहून थोडा कमी. मामा, तिसरी बादली विटकरी होती. मामा? टुंग झालं. ऐकलंस का?

मामा : परत लाव. शेवटचं तेवढं.

भाची : लावते… ‘लाल नाही, लाल ओरडेल. विटकरी. एक भाग, किंवा त्याहून थोडा कमी. मामा, तिसरी बादली विटकरी हो—’ इथं तुटलंय. कसं वाटतं?

मामा : त्या बादलीची कडी एका बाजूनं निखळली होती गं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून ओतली होती मी ती.